चिठ्ठीबिगर फोटो नाही

आधी त्या बाईचं सांगते, माझ्या पायाचं मग.

चंद्रपूरला एका सेंटरमध्ये अंगाच्या आतले फोटो काढतात. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि ते बोगद्यासारखं एमआरआयचं मशीन. तिथे आत शिरलं की डाव्या हाताला काचेची खिडकी आहे आणि खिडकीमागे एक बाई बसते. पन्नाशीची असेल. चष्मा दोरीनं गळ्यात, आणि आवाज असा की बाहेरच्या ऑटोवाल्यानं वळून पाहावं. त्या बाईनं मला दोनदा परत पाठवलं. दोन्ही वेळा मी तिला मनातल्या मनात जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. आज मी दोन्ही पायांवर उभी राहून शंभर पोरींच्या पोळ्या करते ते तिच्यामुळे. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढे मी तिच्यावर बरीच चिडणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई उपकार विसरली.

माझं गाव भामरागडच्याही पलीकडे आहे. घरी आम्ही माडिया बोलतो, मराठी मी आश्रमशाळेत शिकले. सातवी झाली, आई गेली, घरी रांधायला कुणी नव्हतं म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. पुढे वडील गेले, दादाचं लग्न झालं, घरात चूल सांभाळायला वहिनी आली. मग मी गडचिरोलीला मुलींच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये कामाला लागले. आठ वर्षं झाली. पावसाळ्यात नदी पुलावरून गेली की गावाचा रस्ता बंद होतो, आणि त्या दिवसांत मला काही झालं तर घरून कुणी येणार नाही हे मला माहीत असतं. पावसाळाभर मी पायऱ्यासुद्धा जपून उतरते.

त्या वर्षी होस्टेल उघडलं आणि आठवड्याभरात माझा उजवा पाय दुखायला लागला. आधी आतून मुंग्या चालल्यासारखं. मग ढुंगणापासून टाचेपर्यंत कुणीतरी गरम तार ओढावी तसं. तव्यापुढे तीन तास उभं राहायचं काम, तिथे मी दहा मिनिटांत भिंतीला टेकायला लागले. एक दिवस वरणाचं पातेलं उचललं आणि पाय पुढे पडलाच नाही. वरण सगळं फरशीवर. कुणी भाजलं नाही एवढंच नशीब.

मेसमध्ये मोठी स्वयंपाकीण चामोर्शीकडची आहे, आम्ही तिला मावशी म्हणतो. दुसऱ्या दिवशी ती मेसच्या ठेकेदाराचा निरोप घेऊन आली.

"तो म्हणते, एमआरआय काढून रिपोर्ट आण. कंबर गेली असन त दुसरी बाई पाहाव लागन. चंद्रपूरले जा. तिथी माह्या भाच्याचा काढला होता."

"पन डॉक्टरले काय सांगाचं मी?"

"डॉक्टर कशाले पायजे? मशीन सगळं सांगते. आपल्याले तोंड उघडाचंच काम नाई."

हे मला फार पटलं. का पटलं ते सांगते. आमच्या गावात माणूस आजारी पडला की पुजाऱ्याकडे नेतात. पुजारी सुपात तांदळाचे दाणे टाकतो, बघतो, आणि तोच सांगतो काय झालं ते. आजाऱ्यानं बोलायचं नसतं. आपणच सगळं सांगितलं तर त्याची परीक्षा कसली? डॉक्टर मात्र खुर्चीत बसला की आधी विचारतो, "काय होतंय?" शहरात आल्यापासून मला त्या प्रश्नाचा वैताग आहे. मला कळलं असतं तर मी तुझ्याकडे कशाला आले असते? एमआरआयचं मशीन मला आमच्या पुजाऱ्यासारखं वाटलं. गप्प पडून राहायचं, ते शोधून काढेल.

गडचिरोलीहून चंद्रपूरची एसटी मूल गावावरून जाते. बसले की तार ओढली जायची, म्हणून अर्धा रस्ता मी दांड्याला धरून उभी. कंडक्टर म्हणाला, "बाई, सीट खाली हाये ना." मी म्हणाले, "मले उभंच बरं वाटते." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही माझं डोकं बिघडलंय, पाय नाही.

सेंटरमध्ये रांग. तासाभरानं खिडकीपाशी पोहोचले. बाईनं मान वर न करता एक फॉर्म ओढला आणि भराभर विचारायला लागली. नाव, वय, वजन. मग म्हणाली, "अंगात कुठी लोखंड हाय का? सळई, छर्रा, पट्टी? हृदयात मशीन बसवली? ऑपरेशन झालं?"

"नाई. नाई. नाई." शाळेत हजेरी द्यावी तसं मी म्हणत गेले. तिनं तीनदा 'नाही' लिहिलं.

"चिठ्ठी?"

"कोनती चिठ्ठी?"

"डॉक्टरची. कोनता फोटो, कोनत्या जागेचा, कशासाठी."

"एमआरआय. कंबरेचा. दुखते म्हनून."

"हे तू सांगून राह्यली. डॉक्टरनं काय सांगतलं?"

"दुखते मले. डॉक्टरले कुठं दुखते?"

मागची माणसं हसली. बाईच्याही ओठाचा कोपरा हलला, पण तिनं फॉर्म टाचणी लावून ड्रॉवरमध्ये टाकला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कोणताही फोटो काढला जाणार नाही.

"काऊन पन?"

"नियम हाये. हो बाजूले, मागं लोकं हायेत."

काऊन, म्हणजे का, याचं उत्तर नियम नसतं. मी सातवीच शिकले, पण एवढं मला कळतं. परतीच्या एसटीत सगळा रस्ता मी तिच्याशी भांडत होते. किराणा दुकानात साखर मागितली तर वाणी चिठ्ठी मागतो का? पाय माझा, मशीन दिसतंय समोर, आत कुणी जाताना दिसत नाही, आणि ही बाई मला बाजूला हो म्हणते.

पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी टोचत होतं, आणि ते आता लिहावंच लागेल. त्या तीन 'नाई'मधला पहिला 'नाई' मी फार घाईनं म्हटला होता.

मी दहा वर्षांची असेन, दादा तेराचा. घरामागे वडाचं झाड होतं, त्यावर हरियाल, म्हणजे हिरवी कबुतरं, उतरायची. दादा नवीन नवीन धनुष्य शिकत होता. मी खाली काटक्या वेचत होते, त्याला दिसले नाही. बाण येऊन माझ्या उजव्या ढुंगणात घुसला. दादानं धावत येऊन तो उपटून काढला, आणि माझ्याआधी तोच रडायला लागला. आमच्या गावात ज्याच्या बाणानं माणसाचं रक्त निघालं त्याला मग शिकारीला सोबत घेत नसत. तेरा वर्षांच्या पोराला त्याहून मोठी शिक्षा नाही. तो म्हणाला, बांबूच्या खुंटावर पडली असं सांग. मी सांगितलं. आईला, वडिलांना, पुजाऱ्याला. पुजाऱ्यानं दाणे टाकले, जंगलातल्या कुणाची तरी नाराजी निघाली, पाला वाटून बांधला. दाण्यांत बाण दिसला नाही याचा मला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता! जखम भरली. खाली एक गाठ राहिली, खड्यासारखी कडक. त्या गाठीत काय आहे हे मी कधी कुणाला विचारलं नाही. स्वतःलासुद्धा नाही. वीस वर्षं खुंट, खुंट म्हणत आले तर मलाही तो खुंटच वाटायला लागला होता.

आता कुणी म्हणेल, वीस वर्षांनी कोण विचारायला येणार होतं? दादाला दोन लेकरं आहेत, कोण त्याला शिक्षा करणार? खरं आहे. पण लहानपणी दिलेला शब्द मोठेपणी आपोआप सुटत नाही. तो तसाच आत राहतो.

चार दिवसांनी पाय आणखी बिघडला. चालताना उजवी चप्पल फरशीवर फट फट वाजायची. पोरी हसायच्या, "बाई आली, बाई आली." मावशी माझ्या वाट्याच्या पोळ्या करत होती आणि तिचा चेहरा रोज थोडा जास्त आखडत होता. मला दिसत होतं की आठवडाभरात दुसरी बाई येणार. आणि तिकडे गावचा रस्ता बंद. मेसमधली खोली गेली तर जायचं कुठे?

म्हणून मी एक खोटं काम केलं. एका मेडिकलवाल्याकडे गेले. तो आम्हाला तापाच्या, पोटाच्या गोळ्या देतो, ओळखीचा आहे.

"चिठ्ठीच पायजे ना? त्यात काय हाये!" म्हणाला, आणि कुठल्याशा औषध कंपनीच्या पॅडवर इंग्रजीत लिहून दिलं. एमआरआय, कंबर. खाली एक वेटोळं काढलं. ते सहीसारखं दिसत होतं.

पुन्हा एसटी, पुन्हा उभी, पुन्हा रांग. या वेळी मी छाती काढून चिठ्ठी खिडकीतून आत सरकवली.

बाईनं चष्मा लावला. चिठ्ठी पाहिली. मग मला पाहिलं.

"हे कोनी लिहिलं?"

"डॉक्टरनं."

"कोनत्या?"

"आमच्या गडचिरोलीच्या."

"बरं. त्यानं तुले हात लावला का?"

"लावला."

"झोपवून पाय वर उचलला?"

"उचलला."

"टाचेवर चालवलं?"

माझ्या मागे सहा-सात माणसं होती. मी म्हणाले, "हो. चालवलं ना."

"चालून दाखव बरं मले."

मला वाटलं, हिला आता माझी जिरवायचीच आहे. मीही हट्टाला पेटले. मागे सरकले, दोन्ही टाचांवर उभी राहायला गेले. डावा पाय राहिला. उजव्याचा चवडा वर उचललाच गेला नाही, फट्दिशी खाली पडला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. मला स्वतःलाही ते तोवर माहीत नव्हतं. टाचेवर कोण कशाला चालून पाहतं?

बाईचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "हे डॉक्टरनं पाह्यलं असतं त चिठ्ठीवर लिहिलं असतं. एवढी मोठी गोष्ट कोनी सोडते का?" आणि तिनं ती चिठ्ठी माझ्यासमोर मधोमध फाडली.

मग मी ओरडले. मला जेवढी मराठी येते तेवढी ओरडले, ती संपल्यावर माडियात ओरडले. "फुकट मागून राह्यली का मी? पाय माहा, दुखनं माहं, मशीन रिकामी पडून राह्यली, मंग तुमाले काय होते? दोन डाव एवढ्या दुरून आली मी! वाचता येते मले, अडानी नाई मी!" रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "जाऊ दे ना वो बाई, देऊन टाक तिले फोटो." जसा काही तो प्रसाद होता.

बाईनं पुढच्याचा कागद ओढला. मी बाहेर पायरीवर येऊन बसले. एका बाजूवर बसले, उजव्यावर बसवत नव्हतं. तोंडाला पदर लावून रडले. सगळ्यात जास्त राग याचा होता की ती बरोबर होती, आणि ते आख्ख्या रांगेनं पाहिलं होतं.

थोड्या वेळानं काच वाजली. बाई बाहेर उभी. खांद्याला पर्स, हातात छत्री.

"चाल."

"कुठी?"

"हाडाच्या डॉक्टरकडे. दोन गल्ल्या सोडून हाये. अर्धा घंटा सुट्टी हाये माही जेवणाची. उठ लवकर."

"मले नाई याचं."

"तुले विचारून कोन राह्यलं वो?"

दोन गल्ल्या मला दोन कोस वाटल्या. माझा पाय असा, ती माझ्या दंडाला धरून, आणि वाटेत चिखल. मी फणफणत विचारलं, "नियम, नियम करता, पन हे चिठ्ठीचं काढलं कोनी? एवढं सांगा मले."

ती थांबली. दम खायला थांबली असेल. म्हणाली, "पाह्य. मशीनले डोकं नसते. आपन कंबर म्हनलं त ते कंबर काढते, दुखनं गुडघ्यात असलं तरी. तुह्या पायाचा दोष कुठून येऊन राह्यला हे कोनी हात लावून पाह्यलं का? नाई. मंग मी कोनती जागा सांगू आतल्या मानसाले? अन् फोटो निघाला की त्याच्यावर रिपोर्ट लिहिनारा डॉक्टर वेगळा. त्याले समजाले पायजे ना काय शोधाचं? त्याले तू दिसत नाई, तुही चिठ्ठी दिसते."

"पन काढून पाह्यलं त बिघडते काय?"

"बिघडते. सीटीचे किरन अंगात जाते, उगीच कशाले घ्याचे? बाईच्या पोटात लेकरू असलं अन् तिलेच माहीत नसलं त? अन् एमआरआय म्हन्जे चुंबक. खोलीभर चुंबक. कोनाले काय चालते, कोनाले काय नाई, हे मी खिडकीतून पाहून सांगू? मी काय डॉक्टर हाओ?"

"मंग हे पयल्या दिवशी काऊन नाई सांगितलं?"

"पयल्या दिवशी तुह्या मागं चाळीस लोकं होते," ती म्हणाली. आणि मला चिखलातून ओढत, "सांगाले पायजे होतं, खरं हाये."

डॉक्टरकडेही रांग होती, पण बाईनं दारातल्या माणसाला काहीतरी सांगितलं आणि आम्हाला आत घेतलं. डॉक्टर तरुण, केस मात्र पिकलेले. त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"काय होतंय?"

मी बाईकडे पाहिलं.

"सांग ना वो," बाईनं कोपर मारलं.

"तुमी पाहा," मी डॉक्टरांना म्हणाले.

त्यांना राग आला नाही. "पाहतोच. पण कुठून सुरुवात करू, तेवढं तरी बोट दाखवा."

मी बोट दाखवलं. त्यांनी मला पालथी, मग उताणी झोपवली. पाय सरळ वर उचलला. अंगठा वर ओढायला सांगितला, तो ओढला जाईना. कापसानं पावलाला शिवलं, कुठे कळतं कुठे नाही ते विचारलं. कंबरेच्या मणक्यांवर एकेक करून बोट दाबत गेले. तिथे काहीच दुखलं नाही. एमआरआय, कंबर! मेडिकलवाल्यानं लिहिलेली जागा साफ चांगली होती.

मग बोट खाली आलं आणि त्या जुन्या व्रणावर थांबलं.

"हे काय?"

"बांबूचा खुंट. लहानपनी पडली."

त्यांनी जरा दाबलं. ढुंगणापासून पायाच्या करंगळीपर्यंत वीज गेली आणि मी ओरडले.

"किती वर्षं झाली खुंटाला?"

"वीस."

"वीस वर्षांत बांबू कुजून जातो, बाई," डॉक्टर म्हणाले. "हे कुजलेलं नाही. आधी साधा एक्स-रे काढू. एमआरआयच्या खोलीकडे जायचंच नाही तोवर."

आणि त्यांनी चिठ्ठी लिहिली. मी ती परतीच्या वाटेवर वाचायचा प्रयत्न केला, इंग्रजी होती, काही शब्द लागले. उजवा पाय. टाच. जुनी जखम. आत काही आहे का. अर्धं पान भरलं होतं. मेडिकलवाल्याची चिठ्ठी दोन शब्दांची होती.

एक्स-रेला पाच मिनिटं लागली. मी कपडे सारखे करत होते तेवढ्यात बाईनं मला आतल्या पडद्यापाशी बोलावलं. माझ्या हाडांच्या बाजूला, राखाडी मांसात, एक पांढरं शुभ्र पान होतं. टोकदार, एका बाजूला मोडलेलं, बोटाच्या पेराएवढं.

"काय होय हे?" बाई म्हणाली.

मी त्या पांढऱ्या पानावर बोट ठेवलं.

"बान होय. माह्या दादाचा."

वीस वर्षांत पहिल्यांदा मी ते कुणाला सांगितलं. आणि सांगितलं ते कुणाला, तर ज्या बाईला मी सकाळी शिव्या दिल्या तिला. काही झालं नाही. छत पडलं नाही. दादाला कुणी शिकारीतून काढलं नाही.

बाई उठून खिडकीमागे गेली. तिनं ड्रॉवर उघडला, माझा पहिल्या दिवशीचा फॉर्म शोधून काढला आणि तशीच उभी राहिली. फॉर्मवर तिच्या हातानं लिहिलं होतं, लोखंड: नाही.

"हे मी लिहिलं," ती म्हणाली. मला नाही, कागदाला म्हणाली. "चिठ्ठी नसती मागितली त हाच कागद धरून तुले आत पाठवली असती मी."

मी म्हणाले, "खोटं मी सांगितलं होतं, बाई. तुमी नाई."

"ते ठीक हाये," ती म्हणाली, आणि पेन घेऊन तो 'नाही' दोनदा खोडला.

डॉक्टरांनी नंतर कागदावर काढून समजावलं. बाणाचा दांडा निघाला होता, लोखंडी टोक मोडून आत राहिलं होतं. ते वर्षानुवर्षं निवांत होतं, आता सरकून पायाच्या मोठ्या शिरेला टेकलं होतं. पाय त्यामुळे लुळा पडत होता. चुंबकाच्या खोलीत ते हललं असतं, आणि शीर तर त्याच्या शेजारीच. किती हललं असतं, शीर तुटली असती का, हे ते म्हणाले नाहीत आणि मी विचारलं नाही. मला अजूनही कधी कधी पोळ्या लाटताना ते सुचतं आणि लाटणं थांबतं.

ऑपरेशन झालं. टोक निघालं. ते मला एका छोट्या बाटलीत दिलं, गंजून काळं झालेलं. मी महिनाभर कामावर नव्हते. ठेकेदारानं बाई आणलीच, तिला तव्याची धग सोसली नाही, ती पंधरा दिवसांत गेली. मावशीनं माझी जागा धरून ठेवली आणि त्याबद्दल मला रोज टोमणे मारले. आता मी टाचेवर चालू शकते. उजवी जरा कमी उचलते, पण उचलते. चप्पल वाजत नाही.

नदी उतरल्यावर दादाचा फोन लागला. गावात रेंज नाही, तो टेकडीवर येऊन बोलतो. आम्ही माडियात बोललो, इथे मराठीत लिहिते.

"दादा, तुझा बाण सापडला."

मग तो म्हणाला, "हरियाल सापडला का?"

मी हसले. तो हसला नाही. म्हणाला, "मी पूर्ण काढला होता ना गं." एवढंच म्हणाला, पण तीन वेळा म्हणाला. मी त्याला सांगितलं की आता निघालाय, आणि मी डॉक्टरला तुझं नाव सांगितलेलं नाही. तेव्हा कुठे तो हसला.

राग माझा पूर्ण गेलेला नाही. टाके दाखवायला गेले तेव्हा मी बाईला म्हणाले की पाटीवर 'चिठ्ठीशिवाय फोटो नाही' लिहिता, खाली एक ओळ लिहा ना, काऊन नाही ते. एक ओळ असती तर मी मेडिकलवाल्याकडे गेले नसते. एवढ्या दुरून लंगडत येणाऱ्या माणसाला एक ओळ मिळायला काय हरकत आहे?

"लिहिलं तरी वाचते कोन?" ती म्हणाली.

"मी वाचते ना. सातवी हाओ मी."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मागच्याला म्हणाली, "हो बाजूले," तर तो बिचारा बाजूलाच होता. पाटी अजून तशीच आहे. मी दर वेळी गेले की पाहते.

त्याच दिवशी मी तिला विचारलं, "मले डॉक्टरकडे नेलं त्या दिवशी जेवन झालं होतं का तुमचं?"

"कुठचं? पाच वाजता डबा उघडला. वरन आंबलं होतं. पोळी कुत्र्याले टाकली."

ती हे सहज म्हणाली. रोजच तिचा डबा थंड असतो म्हणे, रांग संपली की खायचा. मी आठ वर्षं दुसऱ्यांना गरम वाढते, आणि जिनं माझ्यासाठी आपलं जेवण टाकलं तिच्या ताटात मी अजून काही वाढलेलं नाही. डब्यात घालून चंद्रपूरला नेलं तर ते थंड होणार, त्यात काय राहिलं. दिवाळीत होस्टेलच्या पोरी घरी जातात, मेस रिकामी असते, पण चूल माझ्या हातात असते. एक दिवस तिला एसटीनं गडचिरोलीला आणीन. पाटावर बसवीन, मागे रांग नसेल, घड्याळ नसेल, आणि तव्यावरून उतरलेली पोळी तिच्या ताटात पडेल, ती पुरे म्हणेपर्यंत. या दिवाळीला जमलं नाही तर पुढच्या. पण फेडीन.